घट्ट झालेली हवा

हवासरांच्या पुढ्यात कुणी गूळपाणी ठेवलं, की ते आधी पाण्याला हात लावत नसत. गुळाचा खडा दोन बोटांत धरून उजेडाकडं करायचे, एक डोळा मिटायचे आणि यजमानाला सांगायचे, "हवा झकास जमलीया तुमची." नवा माणूस भांबावून जायचा. जुना माणूस पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी सरकवून ठेवायचा, कारण पुढचं व्याख्यान त्याला तोंडपाठ असायचं. गूळ म्हणजे काय? आटवलेला रस. रस म्हणजे काय? पाणी आणि साखर. ती साखर उसाच्या पानानं कशातनं केली? हवेतनं, उन्हाच्या चुलीवर. मग तुम्ही आता काय खाताय? "घट्ट झालेली हवा!" असं म्हणून सर तो खडा तोंडात टाकायचे आणि समोरच्याचा चेहरा बघत सावकाश चघळायचे.

त्यांचं खरं नाव बाळासाहेब. ते नाव फक्त हजेरीपटावर होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मी त्यांच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागले, कोल्हापूरहून रोज मुरगूडच्या एस.टी.नं जायचे. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला, तर शेजारच्या खुर्चीतून एक भरघोस मिशी डब्यात डोकावली. "बाई, आज काय आणलंय हवेचं?"

मी म्हटलं, "चपाती आहे."

"त्येच की," मिशी म्हणाली.

हा माणूस डोक्यावर पडलेला आहे आणि याच्यापासून चार खुर्च्या लांब बसायचं, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. पण स्टाफरूममध्ये खुर्च्यांचाच तुटवडा होता, त्यामुळं तो निश्चय दुपारपर्यंतसुद्धा टिकला नाही. पुढं कित्येक वर्षं मी त्याच खुर्चीवर बसून त्या मिशीचं ऐकून घेतलं.

मिशीबद्दल सांगायलाच हवं. सर अंगानं चिपाडासारखे, रस काढून घेतल्यावर उरतं तसे. मिशी मात्र अशी, की आधी ती वर्गात यायची आणि मागनं सर. ती मिशी त्यांची एकट्याची नव्हती, घराण्याची होती, असं त्यांचे थोरले भाऊ म्हणत. हे थोरले म्हणजे अण्णा. शेती, गुऱ्हाळ आणि आवाज, तिन्ही मोठं. त्यांच्या ओठावर तीच मिशी एक माप मोठी होती. दोघं शेजारी उभे राहिले की एकाच दुकानातून पोरासाठी आणि बापासाठी घेतल्यासारखं दिसायचं.

सर विज्ञान शिकवायचे. म्हणजे प्रकरण कुठलंही असो, पोचायचे झाडाच्या पानावर. एकदा त्यांनी शाळेतल्या कडुलिंबाच्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. तासाभरात आत पाण्याचे थेंब जमले. "बघा, झाड घाम गाळतंय," सर पोरांना म्हणाले. "म्हणून झाडाची सावली गार. पत्रा कधी घाम गाळतो का? मग त्याच्या सावलीला बसून भाजून निघायचं!" पोरांनी दुसऱ्या दिवशी सापडेल त्या झाडाला पिशव्या बांधल्या. त्या बघून गावात बातमी उठली की शाळेत कुणीतरी करणी केलीय. आमच्या शिपायानं फाटकाच्या आत पाऊल टाकायला नकार दिला. सर त्याला समजवायला गेले, तोवर कुणीतरी लिंबाला लिंबू आणि मिरच्या बांधून मोकळं झालं होतं. सरांनी त्या मिरच्यासुद्धा काढून वर्गात दाखवल्या. त्याही हवेच्याच होत्या.

गावच्या तालमीतला एक पैलवान कुस्तीसाठी वजन उतरवून आला होता. सरांनी त्याला रस्त्यात गाठलं. "पैलवान, चरबी गेली कुठं तुझी?"

"घामातनं गेली की, सर."

"घामातनं पाणी गेलं. चरबी नाकातनं गेली. श्वासातनं हवेत. आन हवेतनं तालमीमागच्या त्या उसात. बघ कसा तरारलाय!"

पैलवान बघतच राहिला. तालमीमागचा ऊस त्याच्या चुलत्याचा, आणि चुलत्याशी बांधावरून बोलचाल बंद. दुसऱ्या दिवसापासून हा गडी तालीम सोडून स्वतःच्या शेताच्या बांधावर जोर-बैठका काढू लागला. वस्तादांनी दम दिला तर म्हणाला, "माझी चरबी भावकीला? न्हाई जमायचं!" वारं आलं की श्वास कुठल्या कुठं जातो, हे त्याला सांगायला सर दोनदा गेले. त्यानं काही ऐकलं नाही.

सरांच्या आणखी एका छंदाचा त्रास मात्र आम्हा सगळ्यांना व्हायचा. स्टाफरूममधला चहा ते साखरेचा होऊ देत नसत. घरचा गूळ आणायचे, स्टोव्हपाशी स्वतः उभं राहायचे आणि दूध उकळत असताना मधेच गूळ टाकायचे. चहा फाटायचा. दर वेळी फाटायचा. कपात वर पाणी आणि खाली चोथा असं ते पेय सर मिटक्या मारत प्यायचे आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघून, नाक न मुरडता, प्यायचो. "सर, गूळ शेवटी घालतात, खाली उतरवल्यावर," असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं. पुढच्या दिवशी चहा पुन्हा फाटला.

असाच एकदा फाटका चहा पिताना विषय मरणावर गेला. सर म्हणाले, "मी गेलो तर रडायचं न्हाई. मी जाणार कुठं? शेणींवर जाळतील. शेण म्हंजे गवत, गवत म्हंजे हवा. त्या हवेसंगं मी बी हवा. अण्णाच्या उसाचं पान बसलंयच आ वासून. पुढल्या साली गूळ. तुमी मला चहात घाला, बाई."

"म्हणजे मेल्यावरही चहा फाडणार तुम्ही," मी म्हटलं. सर खूश होऊन हसले.

आता ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच, त्या गोष्टीकडं येते. ऊस तुटून गेला की रानात वाळक्या पाल्याचा गुडघाभर थर उरतो. त्याला पाचट म्हणतात. ते पेटवून द्यायचं, रान मोकळं करायचं आणि खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या दुसऱ्या उसाला, पाणी सोडायचं ही तिकडची रीत. हंगामात संध्याकाळी चारी दिशांना आगी दिसायच्या. सकाळी शाळेच्या मैदानावर, प्रार्थनेला उभ्या पोरांच्या डोक्यावर आणि माझ्या इस्त्रीच्या साडीवर काळ्या काजळीची फुलं पडायची. सरांना त्या दिवसांत जेवण जात नसे. आणि सगळ्यात मोठी आग असायची अण्णांच्या रानात, सरांच्या वाटणीच्या तुकड्याला लागून. आपल्या भावानं काडी ओढू नये, एवढी एकच गोष्ट सरांना आयुष्यात मनापासून हवी होती. बाकी पगार, बढती, बदली यांची चौकशीसुद्धा ते करत नसत.

अण्णा दर वर्षी आम्हा शिक्षकांना गुऱ्हाळावर रस प्यायला बोलवायचे. एका वर्षी आम्ही काकवी चाटत बसलो होतो आणि अण्णा काडेपेटी घेऊन रानाकडं निघाले. सर आडवे उभे राहिले.

"अण्णा, काडी वडू नगंस."

"का? तुझ्या बाचं काय जातंय?"

"तुझ्या बाचं जातंय तेवढंच जातंय."

आम्ही काकवीची बोटं तोंडात तशीच धरून बघत राहिलो. अण्णांनी चुलवाणाकडं बोट केलं. कढईखाली चिपाडं धडधडत होती. "मला एक सांग. तूच म्हंतोस, चिपाडाचा धूर म्हंजे गेल्या सालची हवा. शेजारणीकडनं वाटीभर आणली, वाटीभर परत दिली. बरोबर? मग पाचटाचा धूर काय बेळगावच्या हवेचा हाय व्हय?"

प्रश्न बिनतोड होता. आमचे हेडसर तर "वा!" म्हणून गेले आणि मग घाईघाईनं खोकले.   सर हळू आवाजात म्हणाले, "त्याच सालची हाय. पर जाळलीस की समदी जाती. मातीत कुजवलीस की बरीच जाती, थोडी मागं ऱ्हाती. आई समद्यांस्नी वाढून झाल्यावर पातेल्यात थोडं मागं ठेवायची का न्हाई? अवचित कोण आलं तर? जमिनीला बी तसंच लागतंय, अण्णा. थोडं मागं ऱ्हाऊ द्यावं."

आईचं नाव निघाल्यावर अण्णांची काडेपेटी क्षणभर खाली आली. पण ते अण्णा होते. "आई पातेलं घासायची बी," ते म्हणाले. "घासल्याबिगर दुसऱ्या दिवशी सैपाक न्हाई. लाव पैज! तू तुझं पाचट ठेव. तुझा खोडवा माझ्याला वरचढ झाला, तर ही मिशी काढीन आन परत जल्मात काडी वडणार न्हाई. न्हाई झाला, तर तुझी मिशी काढायची आन ह्या विषयावर तोंड उघडायचं न्हाई."

"मिशी घे," सर म्हणाले. "तोंड मागू नगंस."

पहिल्याच वर्षी सर हरले. नुसते हरले नाहीत, पार उताणे पडले. उत्साहाच्या भरात त्यांनी सरी न सरी पाचटानं दाबून टाकली होती. पाणी पुढं सरकेना, उंदरांनी संसार थाटले आणि ऊस पिवळा पडला. सरांनी कारण सांगितलं, "पाचट कुजवणाऱ्या जीवाणूंची पंगत आधी बसली, बाई. त्यांनी युरिया फस्त केला. उसाला दुसऱ्या पंगतीला बसावं लागलं आन तवर वाढपी दमलं." अण्णांनी एवढंच विचारलं, "न्हावी बोलवू का तूच जातोस?"

दुसऱ्या दिवशी फाटकावर शिपायानं सरांना अडवलं. "पावणं, कुनाला भेटायचंय?" सर सरळ आत आले. हेडसरांची नजर अधू. शिक्षण खात्याचे कुणी साहेब तपासणीला आले असं वाटून त्यांनी उठून स्वतःची खुर्ची दिली, पंखा लावला आणि आमच्या शाळेत शिस्त कशी उत्तम आहे ते सांगायला सुरुवात केली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चहा येऊ दिला. तो साखरेचा निघाल्यावर मात्र त्यांना राहवेना. "हेडसर, गूळ का न्हाई घातला?" म्हणाले, तेव्हा कुठं उलगडा झाला.

मिशी परत आली आणि तिच्याबरोबर पैजही. दर वर्षी लागायची. सर शिकत गेले. एक सरी भरायची, एक मोकळी ठेवायची. बुडखे खालून छाटायचे. जीवाणूंना त्यांचा वेगळा शिधा द्यायचा. मधली काही वर्षं अशी गेली की दोघंही आपणच जिंकलो म्हणायचे आणि दोघांच्याही मिशा शाबूत राहायच्या. सर रुमालात बांधून रानातली माती आणायचे आणि माझ्या डब्याशेजारी ती पुरचुंडी सोडायचे. "वास घ्या, बाई. काळी झालीया का न्हाई? ही त्या थोड्या मागं राहिलेल्या हवेची काळोखी." त्यात गांडूळ असायचं. माझी वांग्याची भाजी तशीच राहायची, आणि मी रागानं सरांना काय वाटेल ते बोलायचे. दुसऱ्या दिवशी ते मला न विचारता अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवायचे.

नवं शतक लागलं तसं पेपरात आणि टीव्हीवर पृथ्वी तापत असल्याचं येऊ लागलं. एस.टी. काळा धूर सोडत गेली की सर नाकाला रुमाल लावून म्हणायचे, "ही लई जुनी हवा, बाई. माणूस जल्मायच्या आधी जमिनीत गाडलेली. गाडलेलं उकरून वर काढलं, आता झाडं तरी किती पुरी पडणार?" अण्णा पारावर बसून वेगळंच सांगायचे, "आमच्या बाळूचं समदं चोरून छापत्यात पेपरवाले." बाळूच्या तोंडावर मात्र यातलं अक्षर नाही.

मग एका वर्षी पावसानं ओढ दिली. नदी आटली, पाण्याच्या पाळ्या लांबल्या. अण्णांचा ऊस भर दुपारी पानं मिटून उभा राहायचा. शेजारी सरांचा ऊस, खाली पाचटाची ओली गादी घेऊन, हिरवागार. अण्णा पहाटे बांधावर येतात, इकडंतिकडं कुणी नाही बघून सरांच्या सरीत हात घालतात आणि माती दाबून बघतात, ही बातमी पैलवानानं आणली. तो बांधावर जोर काढत असायचा ना!

सरांचा आनंद शाळेत मावेना. "उसाची तोड लागू द्या, बाई. अण्णाचं तोंड पहिल्यांदा उघड्यावर येणार. न्हाव्याला सांगून ठेवलंय. फोटोवाल्याला बी सांगितलंय." वर्गात पोरं विचारायची, "सर, आता किती दिस ऱ्हायले?" स्टाफरूममध्ये आम्ही अण्णांना बिनमिशीचं कल्पून हसून हसून दमायचो.

तोड लागायच्या आधीच, एका रविवारी दुपारी सर जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. एवढी वर्षं हरून, भांडून, माझ्या डब्यावर गांडुळं सोडून हा माणूस जिंकायच्या तोंडावर निघून गेला. नदीकाठी शेणी रचल्या होत्या. धूर सरळ वर गेला आणि मग वाऱ्यानं रानाकडं वळला. सगळ्यांनी तो कुठं जातोय ते बघितलं. पैलवान लहान पोरासारखा रडत होता. अण्णांनी डोळ्याला पंचा लावला नाही.

दहाव्याला घाटाकडं जाताना वाट दोघांच्या रानांमधून होती. पुढं अण्णा, मागं सगळा गाव. एका हाताला अण्णांचा ऊस, छातीएवढा. दुसऱ्या हाताला सरांचा, डोक्याच्या वर. अण्णा मधे थांबले. दोन्हीकडं बघितलं. त्यांच्यामागं आम्ही सगळेही थांबलो. कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. मग अण्णा पुढं चालू लागले.

घाटावर सरांच्या मुलाचं क्षौर झालं. कावळाही लगेच आला. सरांनी कधी कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. लोक पांगायला लागले, आणि अण्णा न्हाव्यासमोर जाऊन बसले. "काढ," म्हणाले.

न्हाव्याचा हात पुढं येईना. भावकीतले एक म्हातारबाबा पुढं झाले. "आरं अण्णा, धाकट्याच्या मागं थोरल्यानं मिशी काढायची रीत न्हाई."

"सुतकाची न्हवं ही," अण्णा म्हणाले. "पैज हारलोय."

वस्तरा फिरला. त्या मिशीखाली इतकी वर्षं एक बारीक जिवणी लपलेली होती, हुबेहूब सरांची.  अण्णांनी तोंड वर केलं आणि ओरडून विचारलं, "फोटोवाला कुठं हाय? बाळूनं सांगितलंतं न्हवं? बोलवा त्येला!" फोटोवाला खरंच गर्दीत होता, पण फोटो हलला. तसाच हललेला फोटो अण्णांनी चौकट करून सरांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लावला. एक मिशीवाला, एक बिनमिशीचा. नवीन पाहुणे आले की चुकून बिनमिशीच्यालाही हात जोडतात.

अण्णांच्या रानात परत काडी ओढली गेली नाही. मिशी त्यांनी पुन्हा वाढवली नाही. 

पुढच्या हंगामात पैलवान डोक्यावर गुळाची ढेप घेऊन शाळेत आला. मागं अण्णा. स्टाफरूमच्या टेबलावर ढेप उतरवून म्हणाले, "नव्या उसाचा हाय. बाळूनं सांगितल्याप्रमाणं ह्यात त्यो बी थोडा असंल. घ्या, बाई." एवढं बोलून ते सरांच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

मी एक खडा फोडला. उजेडाकडं धरून बघितला. एक डोळाही मिटला. मग स्टोव्ह पेटवला. गूळ शेवटी घालायचा असतो, खाली उतरवल्यावर, हे मला चांगलं माहीत होतं. दूध उकळत असतानाच घातला.

चहा फाटला. आम्ही सगळ्यांनी तो मिटक्या मारत प्यायला.